गाळाच्या वहीत गाळ

पहिल्यांदा वही उघडली आणि मांडीवर माती पडली. बारीक, करडी, वाळून पीठ झालेली. पंचगंगेची. २०१९ च्या पुरात आमच्या जिऑलॉजीच्या सरांच्या, कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं तेव्हा ही रजिस्टरं कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होती. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आकडे आमच्याकडं पोरासोरांना पण पाठ असतात, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, त्यामुळं कप्पा कुठला याला काही अर्थच नव्हता. नंतर काकूंनी सगळी रजिस्टरं गच्चीवर दगड ठेवून वाळवली. कुठल्या ओढ्याच्या गाळात काय आहे ते ज्या वहीत लिहिलंय, त्याच वहीत नदी स्वतः येऊन सॅम्पल ठेवून गेली. त्यावर नंबर तेवढा घातला नाही तिनं.

सर म्हणाले, बघ या जुन्या आकड्यांचं काय होतंय का, नाहीतर रद्दीत घालूया. आता सरांनी असं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार. मी एमएस्सी जिऑलॉजी केलेली पण गेली बरीच वर्षं पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या एक्सेल फायली निस्तरत बसलेली बाई, म्हणजे दगड सुटला आणि कॉलम हातात आले. घरी नवऱ्यानं विचारलं, पैसे किती मिळणार, म्हटलं चहा.

कामाचं स्वरूप आधी सांगते. नव्वदच्या दशकात सर दर हिवाळ्यात पोरांना घेऊन जिल्हा पालथा घालायचे. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, खाली आजरा-चंदगडपर्यंत. ओढ्याच्या पात्रातला गाळ पिशवीत, विहिरीचं पाणी बाटलीत. गाळच का, तर डोंगरातला एकेक दगड फोडत बसण्यापेक्षा ओढ्यात खाली येऊन बसलेला मूठभर गाळ घेतला की वरच्या सगळ्या उताराची आयती सरमिसळ मिळते, पावसानं फुकटात केलेली. तो वाळवायचा, ८० मेशच्या चाळणीतून खाली पडेल तेवढाच घ्यायचा, ॲसिडात विरघळवायचा आणि मग ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या मशीनवर, म्हणजे धातूनं किती उजेड शोषला त्यावरून तो मोजणाऱ्या मशीनवर, तांबं, जस्त, निकेल, क्रोमियम एकेक करून मोजायचं. त्या मशीनला प्रत्येक धातूचा दिवा वेगळा लागतो, तांब्याचा काढायचा, जस्ताचा लावायचा, तापू द्यायचा, मग परत पहिल्या बाटलीपासून सुरू. एका हिवाळ्याची पिशव्यांची रांग संपायला उन्हाळा उजाडायचा म्हणे.

ही रजिस्टरं सरांनी मधे कधीतरी बाहेरच्या राज्यातल्या एका एजन्सीकडून टाइप करून घेतलेली, पुराच्या कितीतरी आधी. म्हणजे माझ्याकडं दोन गोष्टी होत्या, एक चिखलाळ वही आणि एक स्वच्छ दिसणारी फाइल. आणि खरं सांगते, घाण सगळी फाइलीत होती.

सुरुवात एक्सेलच्या नेहमीच्या आगाऊपणापासून. सॅम्पलला नंबर दिलेले ३-५, म्हणजे तिसरा ओढा पाचवा पॉइंट. एक्सेलनं ते वाचलं ३ मे. ७-११ झाला ७ नोव्हेंबर. आणि एका लांबलचक ओढ्यावर पस्तीस पॉइंट होते, तर त्यातले शेवटचे काही थेट १९३२, १९३३ सालात जाऊन बसले, कारण ३-३२ ला एक्सेल मार्च १९३२ समजतं. आमचा गाळ राजाराम महाराजांच्या काळातला! यात कुणी मला हसू नये, जनुकांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची यापेक्षा वाईट गत झाली होती. त्यांच्या काही जनुकांच्या नावाचा पहिला भाग मार्च आणि सेप्ट असाच होता, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं, आणि शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं बदलली. एक्सेल नाही बदललं तवा.

मग नकाशा. त्या वेळी हातात जीपीएस नव्हतं. टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या बारीक तपशिलाच्या नकाशावर, पेन्सिलनं टिंब करायचं आणि घरी येऊन पट्टीनं अक्षांश-रेखांश काढायचे. आपलं कोल्हापूर टोपोशीटच्या बरोबर काठावर आहे हे मला या कामात कळलं, ४७ एल/२ नंबरच्या शीटच्या पूर्वेच्या कडेला गाव संपतं आणि उरलेलं शेजारच्या शीटवर, म्हणजे अर्धं गाव बघायचं तर दुसरा कागद काढा. जुन्या शीटा एव्हरेस्टच्या मापावर, म्हणजे पृथ्वीचा आकार धरायच्या जुन्या पद्धतीवर, आता मोबाइल आणि गूगलवाले सगळे डब्ल्यूजीएस-८४ या नव्या पद्धतीवर. दोन्हीत आपल्या भागात साधारण शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. शेताच्या बांधावरून मुडदे पाडणाऱ्या जिल्ह्यात दीडशे मीटर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, पण विज्ञानात पण ते भारी पडतं, कारण पॉइंट सरकला की तो शेजारच्या ओढ्यात पडतो आणि मग वरचा डोंगरच बदलतो. भोगावतीच्या या काठाला घेतलेला गाळ फाइलीत पलीकडच्या उसात निघत होता. हे काम मात्र सोपं, एकदा गणित कळलं की सगळे पॉइंट एकदम सरकवता येतात. सरकवले. पुढं.

पाण्याच्या आकड्यांना एक देवमाणूस चाचणी असते, ती मला फार आवडते. पाण्यात धन भार आणि ऋण भार सारखेच असायला लागतात, नाहीतर ग्लासाला हात लावल्यावर शॉक बसला असता. एका बाजूला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट. प्रत्येक आकड्याला त्याच्या एका भारामागं येणाऱ्या वजनानं भागायचं, कॅल्शियमला २०, सोडियमला २३, क्लोराइडला साडेपस्तीस असं, आणि बेरजा लावायच्या. पाच टक्क्यांच्या आत फरक आला तर ठीक. दुकानात रात्री गल्ला मोजतात तसंच. गल्ला नाही जुळला तर कुठंतरी कुणीतरी काहीतरी चुकलंय, कोण ते माहीत नाही, पण चुकलंय.

आमचा एका अख्ख्या वर्षाचा गल्ला जुळेना. सगळीकडं धन बाजू जड. दोन दिवस डोकं खाल्लं तेव्हा कळलं, त्या वर्षी कुणी तरी कॅल्शियमच्या कॉलममध्ये कॅल्शियम लिहिलंच नव्हतं, कॅल्शियमची हार्डनेस लिहिली होती, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, जी कॅल्शियमच्या अडीचपट येते. कॉलमचं नाव तेच, आकडा अडीचपट. अडीचनं भागलं आणि सगळ्या विहिरी एका झटक्यात जुळल्या. त्या रात्री मी एकटीच स्वयंपाकघरात जाऊन गुळाचा खडा खाल्ला.

गुळावरून आठवलं. आजोळी आमचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात आणि वर आलेली मळी झाऱ्यानं काढत राहतात. लहानपणी मला वाटायचं मळी म्हणजे नुसती घाण. पण गुळव्या ती टाकायच्या आधी बघायचा. रंग बघायचा, दाटपणा बघायचा, आणि म्हणायचा हा ऊस अमक्या रानातला, खालच्या अंगाचा, गूळ खारट लागंल. आणि लागायचा. शिरोळकडं क्षारपड जमिनीतल्या उसाचं हेच रडगाणं. सॅम्पलमध्ये पण ते दिसतं, गगनबावड्याच्या बाजूची पाणी अगदी हलकी, पावसासारखी, आणि खाली पूर्वेला जाल तशी विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षाराचं माप, चढत जाते. तर मळी बघून टाकायची असते, ही गोष्ट मला माहीत होती. तरी मी चुकलेच, ते पुढं येतंय.

त्याआधी शून्यं. फाइलीत शून्यं इतकी की मला वाटलं एजन्सीला शून्यामागं पैसे दिले होते. शोधत गेले तर लक्षात आलं, वहीत 'नाही' म्हणायच्या चार तऱ्हा होत्या आणि टायपिस्टनं चारी एकाच पोत्यात भरल्या. मोजलं पण मशीनला दिसलं नाही, ते एक. मोजलंच नाही, दिवा उडाला होता, ते दुसरं. बाटली फुटली ते तिसरं. आणि चौथं म्हणजे एका कोपऱ्यात बारीक अक्षरात 'को.' असं लिहिलेलं काहीतरी, जिथं पीएच पण शून्य, वाहकता पण शून्य. पीएच शून्य म्हणजे बॅटरीतलं ॲसिड हो, विहिरीत कुठनं येणार? आणि पहिली तऱ्हा तर सगळ्यात फसवी. मशीनला पाचच्या खालचं दिसत नसेल तर 'पाचपेक्षा कमी' लिहायचं असतं, तिथं शून्य लिहिलं की सरासरी खाली येते, ओळ काढून टाकली की सरासरी वर जाते. बरेच लोक निम्मा आकडा धरतात, म्हणजे अडीच. मला ते पटत नाही, मी वेगळा कॉलम करून तिथं 'खाली' एवढंच लिहिलं. पुढच्याला काय धरायचं ते धरू दे.

आता तांबं. या भागातला दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यावर पश्चिमेला सड्यांवर जांभा आणि बॉक्साइटच्या टोप्या, आणि दक्षिणेला आजरा-गडहिंग्लजकडं खालचे जुने कलादगीचे वाळूखडक वर डोकावतात. बेसाल्टात तांबं असतंच, गाळात शंभर-दीडशे पीपीएम, म्हणजे दहा लाखात तेवढे भाग, आलं तर कोण भुवई पण उचलत नाही. फाइलीत एका हिवाळ्याच्या पानांवर ९२३ होते. ९८०. ९३०. ९०२. ओढ्यामागून ओढे.

कबूल करते, तासभर माझ्या डोक्यात खाणच होती. पेपरात बातमी, सरांचा फोटो, माझा फोटो जरा मागं. मग चहा ठेवला आणि चहा उकळता उकळता लक्षात आलं की या पानांवर एकाने सुरू होणारा आकडा एकही नाही. एक पण नाही. जस्तात नाही, निकेलमध्ये नाही. सायमन न्यूकम नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाला १८८१ मध्ये दिसलं होतं की लॉग टेबलच्या पुस्तकाची पहिली पानं शेवटच्या पानांपेक्षा जास्त मळलेली असतात, म्हणजे लोकांना १ ने सुरू होणारे आकडे जास्त लागतात. पुढं १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्डनं ढीगभर आकडे गोळा करून तेच दाखवलं, १ पहिला येतो तीसेक टक्के वेळा आणि ९ पाच टक्क्यांच्या पण आत. आता आमचं तांबं एकाच जातीच्या दगडातलं, आकड्यांचा आवाका लहान, त्यामुळं हा नियम इथं तंतोतंत लागू नाही, पण एकाचा पूर्ण दुष्काळ आणि नवाचा सुकाळ म्हणजे काहीतरी भानगड.

चिखलाची वही काढली. पान सापडलं. आणि तिथं, निळ्या बॉलपेननं, ठळक, सुबक, शाळेत कित्त्यावर गिरवलेल्या अक्षरात लिहिलं होतं, १२३. १४०. १३०. १०२.

मराठीत.

बाकी सगळं रजिस्टर इंग्रजी आकड्यांत आणि मधेच हा हात. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला आपला एक हा त्यांच्या नऊसारखा दिसतो. आपला चार त्यांच्या आठसारखा. आपला पाच त्यांच्या चारसारखा. दोन, तीन आणि शून्य मात्र दोन्हीकडं जवळजवळ तेच, त्यामुळं आकडा अर्धा बरोबर राहतो आणि संशय येत नाही. खरा नऊ त्या टायपिस्टला काय वाटला देव जाणे, कुठं सहा केलाय कुठं आठ. खाण गेली, पण जी मजा आली ती खाणीत नसती आली.

आता प्रश्न हा की हा हात कुणाचा. सरांना फोन केला. ते हसायलाच लागले. म्हणाले अगं, ते आपले लॅबमामा.

मामा रिटायर होऊन कासारीकाठच्या एका गावात राहतात, पंच्याहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेत, बाकी खणखणीत. मी वही घेऊन गेले. पहिली दहा मिनिटं मी म्याडम होते, मग कुणाची कोण हे विचारून झाल्यावर पोरी झाले. वही हातात घेतली, चष्मा वर करून अगदी नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "ह्ये अक्षर माझंच की."

"मामा, सगळ्यांनी इंग्रजीत लिहिलंय, तुम्ही मराठीत का लिहिलं?"

"आगं सर मशीनला डोळं लावून बसायचं आणि तितनं वरडायचं, एकशे चाळीस! मराठीत सांगितला आकडा मराठीत लिवला. त्यात काय चुकलं?"

काहीच चुकलं नाही. मला उत्तर सुचेना. उलट एक नवीनच भीती घेऊन मी बसले, कारण हे आकडे कानावरून लिहिलेत हे तोवर मला माहीत नव्हतं. त्या मशीनला हवेचा कॉम्प्रेसर असतो, तो लॅबमध्ये धडधडत असणार, आणि मराठी आकडे ऐकण्यात किती दगा देतात हे आपल्याला माहितीय, सत्तावन्न आणि सत्त्याण्णव, अठ्ठावन्न आणि अठ्ठ्याण्णव, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास सात' असं वाचायची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा दंगा झाला, मी पण तेव्हा व्हॉट्सॲपवर तावातावानं विरोध केलेला. आता वाटतं, कॉम्प्रेसरशेजारी बसून लिहायचं असेल तर 'पन्नास सात'च बरं. घरी येऊन बघितलं तर दोनदा मोजलेल्या सॅम्पलांत एक जोडी अशी निघाली, एकदा ५७, एकदा ९७. दोन्ही ठेवलेत. कुठला खरा हे मी घरात बसून ठरवणारी कोण?

'को.' चं विचारलं तर मामा लगेच, "कोरडी. हीर कोरडी हुती." झालं. बॅटरीतलं ॲसिड संपलं.

मग चहा आला, चहा नको म्हटलं म्हणून दूध आलं, तांब्याभर. मी पानं उलटत होते आणि मामा त्यांच्या आठवणीत शिरले होते, कुठं जीप चिखलात रुतली, कुठल्या पोराला खेकडा चावला, गगनबावड्यात जळवा. मी मान डोलवत होते. आणि पाण्याच्या पानांवर मला अजून एक बारीक खूण दिसली. 'म्ह.' ही मी आधी पण पाहिली होती, पण मला वाटलेलं 'म्हणजे' लिहिता लिहिता राहिलं असेल, म्हणून सोडून दिलेली.

"आणि हे म्ह. काय मामा?"

"म्हसरं."

"म्हसरं?"

"त्या हिरीच्या कडंला गोठा हुता. म्हसरं तितंच धुवायची, शेण-मूत सगळं परत हिरीत. मी सरांस्नी सांगितलं ह्ये लिवा. सर म्हणलं त्याला कॉलम न्हाई. मग मी कोपऱ्यात लिवलं."

मी लॅपटॉप काढला आणि 'बाद' नावाचं शीट उघडलं. या शीटमध्ये मी अकरा विहिरी टाकल्या होत्या. प्रोग्रामला सांगून ठेवलेलं की बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दिसणारा आकडा उचलून बाजूला कर, त्यानं या अकरा केल्या आणि मी मान हलवली. एकीत नायट्रेट ११८ होतं, पिण्याच्या पाण्याला ४५ ची मर्यादा आहे, सोबत पोटॅशियम पण भरमसाट, क्लोराइड पण. गंमत म्हणजे तिचा गल्ला जुळत होता. धन-ऋण तीन टक्क्यांत. आकडा स्वतःच्या तोंडानं सांगत होता की मी खरा आहे, आणि मी त्याला घाण म्हणून झाऱ्यानं काढून बाजूला टाकलेला, न बघता. अकरापैकी आठ विहिरींपुढं वहीत 'म्ह.' होतं.

मामांना हे सांगितलं नाही. लाज वाटली. त्यांनी येताना अर्धा किलो खवा बांधून दिला.

आठच्या आठ परत घेतल्या. उरलेल्या तीन अजून बादमध्येच आहेत पण आता त्यांच्यापुढं कारण लिहिलंय. एकीचं पान पुरात चिकटून फाटलंय. दुसरीत शाईपेन वापरलेला, तो पाण्यानं पसरला, बॉलपेनवाले सगळे वाचले हे पण जाता जाता नोंदवते. तिसरीचा गल्ला काही केल्या जुळत नाही. सरांना एक गोष्ट मात्र ठाम नाही म्हणून सांगितलं. त्यांना हे जुनं क्रोमियम हल्लीच्या, गाळ न विरघळवता मोजणाऱ्या एक्स-रे मशीनवरच्या क्रोमियमला जोडून एकच नकाशा करायचा होता. जुन्या ॲसिडात क्रोमियमचे चिवट कण पूर्ण विरघळतच नाहीत, म्हणून जुना आकडा कमीच येणार, आणि नकाशा बघणाऱ्याला वाटणार तीस वर्षांत क्रोमियम वाढलं, आणि मग मोर्चा. सर जरा नाराज झाले. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, बरोबर आहे तुझं, पण म्हणाले ते हळूच.

शेवटचं काम म्हणून फाइलीत एक 'शेरा' कॉलम घातला. जो सरांच्या वहीत नव्हता तो. त्यात मामांचं जसंच्या तसं, 'कोरडी', 'म्हसरं', मराठीत. फाइल सीएसव्ही, म्हणजे नुसत्या अक्षर-आकड्यांची साधी फाइल, करून सरांना पाठवली आणि पाच मिनिटांत सरांचा फोन, अगं हे शेऱ्यात काय, नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत. उघडून बघितलं तर खरंच, म्हसरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग, एकामागं एक, ओढ्यावर निघाल्यासारखी. इंग्रजी अक्षरांतच सेव्ह झालेली, दुसऱ्या कुठल्या लिपीला त्यात जागाच नाही.

परत बसले, सगळ्या लिप्यांना जागा देणारं यूटीएफ-८ निवडलं, सेव्ह केलं, परत पाठवली. सरांनी उघडली. मी फोन कानाला धरूनच होते.

"हां," सर म्हणाले, "आता दिसली म्हसरं."